९९ डॉलर ९५ सेंटचं खोकं

आजच्या भागाची सुरुवात एका आवाजाने आहे. ऐकताय? (हे वाचणाऱ्यांसाठी सांगतो: एक बारीकसं 'टक्' वाजलं आणि मग पंधरा-वीस सेकंद काहीच नाही.)

थांबा, ॲप अडकलेलं नाहीये. ते पंधरा-वीस सेकंद मुद्दाम ठेवलेत. आपल्या फोनवर गाणं दाबलं की लगेच वाजतं. इथे आधी काचेच्या नळ्या तापतात, त्यांच्या आत नारिंगी उजेड येतो, आणि मग हळूहळू आवाज उगवतो. ज्यांच्या घरी आजोबांच्या काळातला व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना हे लगेच कळेल. बटण फिरवायचं, डायलचा दिवा लागायचा, आणि बातम्या सुरू व्हायच्या आत आजोबा चहाचा पहिला घोट घ्यायचे.

माझ्याकडचं हे यंत्र मात्र रेडिओ नाही, ॲम्प्लिफायर आहे. नाव डायनाको स्टिरिओ ७०. बाजारात आला १९५९ साली, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातून. मी कामानिमित्त न्यू जर्सीत राहतो. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेज सेलमध्ये जुन्या शिडीच्या आणि रंगाच्या डब्यांच्या मध्ये हा पडलेला दिसला. बंद होता. चाळीस डॉलर दिले आणि उचलला. उचलताना कळलं की हे प्रकरण चौदा किलोंच्या वर आहे. सोबत एका प्लॅस्टिकच्या पिशवीत पिवळी पडलेली माहितीपुस्तिका होती. आजची गोष्ट खरं तर त्या पुस्तिकेची आहे.

नदी ओलांडताना सुचलेली कल्पना

थोडं मागे जाऊ. आवाज मोठा करणं ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मोठी अडचण होती. १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी ऑडिऑन नावाची नळी बनवली आणि त्यातून पुढे सगळे व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आले. पण नळी आवाज मोठा करताना त्यात थोडी भेसळ करते. मूळ सुरात नसलेले सूर मिसळते. टेलिफोनच्या लांब लाइनवर एकामागोमाग एक अनेक ॲम्प्लिफायर लागायचे, आणि प्रत्येक जण आपली भेसळ पुढे ढकलायचा.

२ ऑगस्ट १९२७. बेल लॅब्सचे हॅरल्ड ब्लॅक फेरीबोटीने हडसन नदी ओलांडून मॅनहॅटनला ऑफिसला चालले होते. बोटीवर त्यांना उत्तर सुचलं आणि हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सवरच त्यांनी ते लिहून काढलं. कल्पना अशी: बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग परत आत आणायचा आणि मूळ आवाजातून वजा करायचा. जी चूक झाली असेल ती अशी आपोआप कापली जाते. गायक गाताना सतत तानपुऱ्याशी सूर ताडून बघतो ना, तसंच. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हे पाठ करून पास झालो होतो. ते एका वर्तमानपत्राच्या पानावर सुचलंय हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

आता थेट इंग्लंड. १९४७ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत वायरलेस वर्ल्ड या मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांचा दोन भागांतला लेख आला. त्यात १५ वॅटच्या एका ॲम्प्लिफायरचं संपूर्ण सर्किट होतं. पूर्ण ताकदीने चालवला तरी भेसळ ०.१ टक्क्याहून कमी. घरी वापरायच्या यंत्रासाठी हे तेव्हा अफाट होतं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की विल्यमसन यांनी काहीच झाकून ठेवलं नाही. कुठला रेझिस्टर किती ओहमचा, ट्रान्सफॉर्मरचे वेढे कसे घ्यायचे, सगळं छापलं. जगभर लोकांनी तो लेख पुढ्यात ठेवून आपापल्या टेबलावर विल्यमसन बनवले. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी कोड पब्लिक केला.

ट्रान्सफॉर्मरचं दुकान

पण एक अडचण होती. व्हॉल्व्हला हजारो ओहमचा भार लागतो आणि स्पीकर असतो चार किंवा आठ ओहमचा. दोघांची गाठ घालून देतो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. त्याच्या तारेचे थर एकात एक असे गुंफावे लागतात की अगदी खालचा आणि अगदी वरचा, दोन्ही सूर न अडखळता पार झाले पाहिजेत. बाकी सगळं घरी जमेल. हे एक जमत नाही.

इथे आपल्या गोष्टीत डेव्हिड हाफलर येतात. हाफलर आणि त्यांचे भागीदार हर्बर्ट केरोस फिलाडेल्फियात ॲक्रोसाउंड नावाने ट्रान्सफॉर्मरच विकायचे. नोव्हेंबर १९५१ मध्ये दोघांनी ऑडिओ इंजिनिअरिंग मासिकात लेख लिहिला. व्हॉल्व्हच्या आत स्क्रीन नावाची एक जाळी असते. तिला थेट वीजपुरवठ्याला न जोडता ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांत मध्येच एक फाटा काढून तिथे जोडायचं. त्यामुळे ताकदही चांगली मिळते आणि भेसळही कमी राहते. याला त्यांनी अल्ट्रालिनियर नाव दिलं. इंग्लंडमध्ये ॲलन ब्लूमलिन यांनी १९३७ च्या पेटंटमध्ये ही जोडणी आधीच मांडली होती, पण ती घराघरांत पोचली या लेखामुळे.

आता तुम्ही म्हणाल, हे किती उदार लोक! थोडे होतेही. पण धंदाही बघा. सर्किट फुकट वाचा, सगळे भाग कुठूनही घ्या, फक्त तो मधला फाटा असलेला ट्रान्सफॉर्मर? तो आमच्याकडे मिळेल. आमच्या सॉफ्टवेअरच्या जगात हे मॉडेल रोज दिसतं: कोड मोफत, सर्व्हिस विकत. मला तर यात काही गैर वाटत नाही. माहिती लपवून पैसे कमावण्यापेक्षा माहिती देऊन कमावणं कधीही बरं.

१९५५ मध्ये हाफलर आणि एड लॉरेंट यांनी डायनाको काढली. आणि १९५९ मध्ये स्टिरिओ ७०.

स्क्रू ड्रायव्हर आणि सोल्डरिंग गन

वेळ अगदी बरोबर साधली. स्टिरिओ रेकॉर्ड नुकत्याच बाजारात आल्या होत्या, आणि स्टिरिओ म्हणजे दोन चॅनेल, म्हणजे दोन ॲम्प्लिफायर, म्हणजे दुप्पट खर्च. डायनाकोने दोन्ही चॅनेल एकाच पत्र्याच्या चॅसीवर बसवले. वीजपुरवठा एकच, दोघांत वाटलेला. एकूण व्हॉल्व्ह सात: आवाजाला ताकद देणारे चार ईएल३४, त्यांच्या आधी दोन ७१९९, आणि एसीचं डीसी करणारा एक जीझेड३४. दर चॅनेलला ३५ वॅट. किटची किंमत ९९ डॉलर ९५ सेंट.

किट म्हणजे काय, तर सगळे भाग खोक्यात आणि जोडायचं तुम्ही. फक्त सगळ्यात नाजूक भाग, म्हणजे ७१९९ चा सर्किट बोर्ड, कंपनीच तयार करून द्यायची. बाकी वायरिंग एका संध्याकाळीत होईल असं बेताचं. डॉक्टर, शिक्षक, कॉलेजचे विद्यार्थी, ज्यांनी जन्मात सोल्डरिंग केलं नव्हतं त्यांनी हे जोडलं. असे तीन लाखांहून जास्त स्टिरिओ ७० विकले गेले असं सांगतात.

आणि हे कशाच्या जोरावर? पुस्तिकेच्या. कुठली वायर, किती इंच, कुठून कुठे, कुठल्या टोकाला आत्ता सोल्डर करायचं आणि कुठे थांबायचं. प्रत्येक पायरी एक-दोन ओळींची. मागे पूर्ण सर्किट, आणि कुठे किती व्होल्ट दिसले पाहिजेत तेही. मी आजवर जितकी डॉक्युमेंटेशन वाचली, लाजत सांगतो, जितकी लिहिली, त्यातलं एकही याच्या जवळपास जात नाही.

माझ्या प्रतीत प्रत्येक पायरीपुढे पेन्सिलची बारीक खूण आहे. एका पायरीपुढे आधी प्रश्नचिन्ह आणि मग खूण. शेवटच्या पानावर तारीख आहे: ११ फेब्रुवारी १९६२. मी कॅलेंडर काढून बघितलं, रविवार होता. कोण माणूस, काय करायचा, मला माहीत नाही. पण त्या रविवारी तो काय करत होता ते मला पायरीनिशी माहीत आहे.

प्लग लावू नकोस

घरी आणल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो तुमच्याही आला असता: लावून तर बघू! नशिबाने त्याआधी मी आमच्या ओळखीतल्या एका काकांना फोन केला. काका आता निवृत्त आहेत, एडिसनला राहतात. तरुणपणी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करायचे. तो काळ आपल्याकडेही या नळ्यांचाच होता. मर्फीचे रेडिओ ठाण्याच्या कारखान्यात बनायचे, आणि १९६१ पासून बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला लागली होती.

मी म्हटलं, "काका, प्लग लावून बघू का?"

काका म्हणाले, "लाव की. पण मग मला फोन करू नकोस, फायर ब्रिगेडला कर."

कारण असं. वीजपुरवठ्यात मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. त्यांच्या आत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा थर असतो आणि तोच वीज अडवतो. यंत्र वर्षानुवर्षं बंद राहिलं की तो थर झिजतो. मग एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की वीज आरपार जाते, कपॅसिटर तापतो, फुटतोही. आणि जाताना पॉवर ट्रान्सफॉर्मर घेऊन जातो.

पुढच्या शनिवारी काका मल्टिमीटर घेऊन आले. पहिला नियम त्यांनी मला तीनदा म्हणायला लावला, तुम्हालाही सांगतो: आत ४०० व्होल्टच्या वर डीसी आहे. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये ते साठलेलं राहू शकतं आणि तेवढं माणूस मारायला पुरेसं आहे. आधी रेझिस्टर लावून ते रिकामं करायचं, मग मीटरने खात्री करायची, मग हात. अनुभवी माणूस शेजारी नसेल तर मंडळी, ही गोष्ट फक्त ऐका. करायला जाऊ नका.

मग एकेक भाग तपासला. चार कप्प्यांचा मोठा कपॅसिटर बदलला. बायसचा वीजपुरवठा, म्हणजे ईएल३४ ना लगाम घालणारं उणे व्होल्टेज, त्यात जुना सेलेनियम रेक्टिफायर होता. तो म्हातारा झाला की लगाम सैल पडतो आणि व्हॉल्व्ह बेफाम वीज ओढतात. तिथे साधा सिलिकॉन डायोड घातला. ७१९९ आणि ईएल३४ च्या मधले कपॅसिटर गळत होते, तेही गेले. जुने कार्बनचे रेझिस्टर वर्षांनुवर्षं आपली किंमत वाढवत नेतात. काही बदलले, काही ठेवले.

जे बदललं नाही ते तिन्ही ट्रान्सफॉर्मर. काका म्हणाले, "बाकी सगळं बाजारात मिळतं. हे जळले तर तुझ्याकडे फक्त जड पत्रा उरेल." १९५० साली जे घरी बनत नव्हतं ते आजही बनत नाही.

एक प्रश्न मात्र मी बरेच दिवस चघळत होतो. ७१९९ हा व्हॉल्व्ह इतरत्र फारसा वापरला गेला नाही, त्यामुळे आज तो मिळणं कठीण. म्हणून बरेच लोक तो अख्खा बोर्डच काढून नवा बसवतात, सहज मिळणाऱ्या व्हॉल्व्हवर चालणारा. मोजमापात तो बरेचदा सरसही ठरतो. पण मग हे यंत्र कुठलं राहिलं? काकांना विचारलं तर म्हणाले, "अरे, कौलं बदलली म्हणून वाडा बदलतो का?" बरोबर आहे. तरी माझे दोन्ही ७१९९ चालू निघाले म्हणून जुना बोर्ड ठेवला. गेले तर नवा बसवीन, रडणार नाही.

चूक कोणाची

पहिल्यांदा चालू केला तेव्हा मध्ये शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब सीरिजमध्ये लावला. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि ॲम्प्लिफायर वाचतो. बल्ब एकदा चमकला आणि मंद झाला. छान! मग बल्ब काढून बायस लावायचा. चॅसीवर मीटर लावायला जागाच दिली आहे. पुस्तिका म्हणते १.५६ व्होल्ट दिसले पाहिजेत. १.५६ का? तिथे १५.६ ओहमचा रेझिस्टर आहे. शाळेतला ओहमचा नियम लावा: १०० मिलिॲम्पिअर. एका चॅनेलचे दोन ईएल३४, म्हणजे प्रत्येकी ५०. बस. सामान्य माणसाला गणित करायला लागू नये म्हणून कोणीतरी रेझिस्टरच असा निवडला. असलं काही बघितलं की मला त्या माणसाला भेटावंसं वाटतं. मी मात्र १.४ वर थांबलो, कारण तेव्हा घरातली वीज ११७ व्होल्टची धरायचे, आता १२० च्या वर येते.

डावा चॅनेल स्थिर. उजव्याचा काटा नाचायला लागला. १.४, १.१, १.७. मी लगेच ठरवलं की ६० वर्षांपूर्वीच्या त्या हौशी माणसाचा एखादा जोड कच्चा असणार. दोन संध्याकाळी मी त्याचे जोड भिंगाखाली बघत होतो. तिसऱ्या संध्याकाळी परत चालू केला आणि बघता बघता एका ईएल३४ ची आतली पत्र्याची प्लेट लालसर व्हायला लागली. लगाम पूर्ण सुटला होता. मी प्लग ओढला. आणखी थोडा वेळ गेला असता तर व्हॉल्व्ह गेला असता, आणि मग कदाचित आउटपुट ट्रान्सफॉर्मर.

जोड कच्चाच होता. बायसच्या पॉटजवळचा. मी बदललेल्या रेझिस्टरचा. सोल्डर वरून चकचकीत, आत तार सुटी. त्या माणसाचे सगळे जोड, सगळेच्या सगळे, पक्के होते. त्याने पुस्तिका वाचली होती. मी व्हिडिओ बघितले होते.

हे जिवंत का आहे

गंमत बघा, विल्यमसन यांचा लेख आला १९४७ च्या एप्रिलमध्ये, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इथे न्यू जर्सीतच, मरे हिलच्या बेल लॅब्समध्ये, ट्रान्झिस्टर जन्माला आला. व्हॉल्व्हचा सुवर्णकाळ सुरू होतानाच त्याचा वारस पाळण्यात होता. १९६६ मध्ये खुद्द डायनाकोने ट्रान्झिस्टरचा स्टिरिओ १२० आणला. १९६९ मध्ये कंपनी विकली गेली. नियमाप्रमाणे स्टिरिओ ७० संपायला हवा होता.

संपला नाही, कारण एक तर गिटारवाले. त्यांना व्हॉल्व्हची भेसळच हवी असते, म्हणून ईएल३४ आजही स्लोव्हाकिया, रशिया, चीनमध्ये बनतो. दुसरं म्हणजे ती पुस्तिका. कंपनी गेली, हाफलर २००३ मध्ये गेले, पण यंत्र कसं चालतं हे लाखो घरांत लिहून ठेवलेलं राहिलं. दुरुस्त करायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता तुम्ही विचाराल, आवाज कसा आहे? खरं सांगू का, मोजायला गेलात तर आजचा तळहाताएवढा स्वस्त ॲम्प्लिफायर याला हरवतो. व्हॉल्व्हचा 'ऊबदार' आवाज वगैरे जे म्हणतात त्याचं एक ठरलेलं कारण सांगतात, सम हार्मॉनिक्स. पण इथे दोन व्हॉल्व्ह जोडीने उलटसुलट काम करतात आणि ते सम हार्मॉनिक्स बरेचसे आपसात कटतात. शिवाय हाफलर यांना ऊब नकोच होती, त्यांना नितळ हवं होतं. मला आवाज आवडतो. त्यात किती भाग कानाचा आणि किती त्या तीन संध्याकाळींचा, हे मला वेगळं काढता येत नाही.

पहिली रेकॉर्ड काकांनी आणली होती, भीमसेन जोशींची. पंधरा-वीस सेकंद शांतता, मग तानपुरा. काका काही बोलले नाहीत. एक बाजू संपल्यावर म्हणाले, "उलटी कर."

त्याच महिन्यात माझ्या तीन वर्षांच्या फोनची बॅटरी फुगली. दुकानदार म्हणाला, उघडताना स्क्रीन तुटू शकते, त्यापेक्षा नवा घ्या. मी घेतला. ज्या फोनवर तुम्ही हे ऐकताय त्याचंही थोड्याफार फरकाने असंच होणार आहे. त्याच्या खोक्यातही एक पुस्तिका असते. चार्जर कसा लावायचा ते त्यात लिहिलेलं असतं.

मी माझ्या स्टिरिओ ७० च्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर, १९६२ च्या तारखेखाली, माझी तारीख आणि काय काय बदललं त्याची यादी लिहून ठेवली आहे. पेन्सिलनेच. कच्चा जोड कुठे होता तेही.

तुमच्या घरी माळ्यावर जुना रेडिओ, टेप, ॲम्प्लिफायर काही असेल तर भंगारात देण्याआधी झाकणाच्या आत एकदा बघा. कुठला व्हॉल्व्ह कुठे बसतो त्याचा कागद बरेचदा तिथेच चिकटवलेला असतो. फोटो काढा आणि मला पाठवा. आणि हो, प्लग लावू नका!

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.